नाताळात समुद्राकाठच्या रस्त्याने

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला तो असा, की "ऑस्ट्रेलियातल्या गमतीजमती सांगा, फार गंभीर होऊ नका." गमती सांगेनच. पण जे पाहिले त्यात गंमत किती आणि दुसरे काही किती, हे माझ्या हातात नव्हते.

पनवेलच्या बायकांपुढे रस्त्याचे वर्णन करायचे म्हणजे कोळिणीला मासळी दाखवण्यासारखे आहे. आपले गाव रस्त्यावरच वाढले. बैलगाड्यांच्या दिवसांत इथली चाके नावाजलेली होती. पुढे मुंबई-पुणे रस्ता झाला. गोव्याकडे जाणारा महामार्गही इथूनच निघतो आणि पार कन्याकुमारीपर्यंत जातो. त्यातून आमचे हे एस.टी.त. चौतीस वर्षे नोकरी केली, त्यांतली पहिली वीस ड्रायव्हर म्हणून. त्यामुळे घरी रस्ता हा विषय आमटीभाताइतका नित्याचा.

२०१८ सालच्या डिसेंबरात आम्ही मुलाकडे मेलबर्नला गेलो. तो आणि सून दोघेही इस्पितळात कामाला. नाताळात तिकडचे सहकारी आपापल्या घरी जातात, म्हणून ह्या दोघांनी त्यांच्या पाळ्या आपल्याकडे घेतल्या होत्या. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघेच तीन दिवस समुद्राकाठून फिरून या." भगिनींनो, लग्नाला छत्तीस वर्षे झाली, पण बरोबर सासूबाई नाहीत, मुले नाहीत, कोणाचे लग्नकार्य नाही, असा दोघांचाच प्रवास हा पहिला. पहिला तासभर काय बोलावे तेच सुचेना. मग मी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागले.

तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून ह्यांना जड गेले नाही. पनवेलच्या आर.टी.ओ.तून परदेशी चालवण्याचा परवाना आधीच काढला होता. नवल एकाच गोष्टीचे. तीन दिवसांत ह्यांनी हॉर्न एकदाही वाजवला नाही! मागून घाईचे कोणी आले, तर मंद गाडीने बाजूला व्हावे म्हणून रस्त्यालगत जागोजागी पट्टे काढलेले आहेत. कशेडीचा घाट रात्री-अपरात्री ओलांडलेला माणूस, पण प्रत्येक पट्ट्यावर निमूटपणे बाजूला होई.

ह्या रस्त्याला ग्रेट ओशन रोड म्हणतात. टॉर्के ह्या गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लगेच समुद्र. गाडीच्या खिडकीतून हात काढला तर लाटेला लागेल की काय असे काही ठिकाणी वाटते. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा. सूर्य मावळायला रात्रीचे पावणेनऊ वाजतात. तिन्हीसांजेला दिवा लावायची सवय असलेल्या बाईची भारी पंचाईत होते.

ईस्टर्न व्ह्यू म्हणून एक जागा आहे. तिथे रस्त्यावर लाकडी कमान उभी आहे आणि बाजूला फावडी-कुदळीवाल्या दोन माणसांचा ब्राँझचा पुतळा आहे. सगळे प्रवासी कमानीखाली फोटो काढतात. आम्हीही काढला. मग पाटी वाचली.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे साठ हजार सैनिक मेले. जे जिवंत परत आले त्यांना काम नव्हते. तेव्हा असे ठरले, की त्यांच्याकडून हा रस्ता बांधून घ्यावा आणि मेलेल्या सोबत्यांचे तेच स्मारक समजावे. १९१९ च्या सप्टेंबरात काम सुरू झाले. सुमारे तीन हजार माजी सैनिकांनी पहारी, कुदळी आणि सुरुंग ह्यांनी कडे फोडले. मजुरी दिवसाला साडेदहा शिलिंग आणि राहायला तंबू. तेरा वर्षांनी, नोव्हेंबर १९३२ मध्ये, रस्ता खुला झाला. ज्या गृहस्थाने ह्यासाठी पैसा उभा केला ते जिलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक. ते उद्घाटनाच्या तीनच महिने आधी वारले. मिरवणुकीत गव्हर्नरच्या गाडीमागून त्यांची गाडी नेण्यात आली.

ह्या कामकऱ्यांची एक मजेची हकीकतही सांगतात. १९२४ साली कसिनो नावाची आगबोट तिथे खडकाला लागली. ती हलकी करण्यासाठी बिअरची पाचशे पिंपे आणि दारूच्या पेट्या समुद्रात टाकाव्या लागल्या. ती वाहत किनाऱ्याला आली आणि रस्त्याचे काम दोन आठवडे आपोआप बंद पडले! हे ऐकून आमच्याकडचे गृहस्थ फारच प्रसन्न झाले.

नाताळच्या आदल्या रात्री आम्ही अपोलो बे गावी उतरलो. नाताळच्या दिवशी तिकडे दुकाने बंद. मुलाने हे आधीच बजावले होते, म्हणून मी थालीपिठाची भाजणी आणि लोणच्याची बरणी बरोबर घेतली होती. (विमानतळावर खाण्याचे जिन्नस कार्डावर खरेखरे लिहावे लागतात. बरणी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली.) समुद्राकाठच्या बागांत लोकांसाठी विजेच्या शेगड्या फुकट ठेवलेल्या असतात. त्यांवर ती मंडळी काय काय भाजतात हे मी इथे सांगत नाही. मी तव्यावर ॲल्युमिनियमचा जाड कागद अंथरला, त्यावर थालीपिठे लावली. शेजारच्या शेगडीवरच्या आजीबाईंनी वास घेत विचारले, "हे काय?" एक दिले. त्यांनी नाताळचा बेदाण्यांचा केक दिला. अंडे असेल म्हणून ह्यांनी खाल्ला नाही. मी खाल्ला.

त्या आजीबाईंशी बोलताना वाय नदीची गोष्ट निघाली. वाटेत त्या नावाचे लहानसे गाव लागले होते, तिथे डोंगरावर इतकी नवी घरे का, असे मला वाटलेच होते. २०१५ च्या डिसेंबरात विजेने जंगलाला आग लागली आणि नेमकी नाताळच्या दिवशी ती गावावर आली. दोन गावांची मिळून ११६ घरे जळाली. माणूस मात्र एकही गेला नाही, कारण सांगितल्याबरोबर लोक मांडलेली ताटे टाकून निघाले. "सांगितल्याबरोबर" हा शब्द आजीबाईंनी दोनदा उच्चारला.

त्याच दिवशी दुपारी पुढे बारा प्रेषितांचे खडक पाहिले. समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे प्रचंड खांब. नाव बारा, पण मुळात होते नऊ. २००५ च्या जुलैत एक कोसळला, आता आठ. लाटा त्यांची मुळे रोज खातात. थोडे पुढे दोन कमानींचा नैसर्गिक पूल होता, त्याची एक कमान १९९० साली पडली तेव्हा दोन प्रवासी पलीकडे अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. फोटोत हे सारे छान येते. त्यावर मी वेळ घेत नाही.

मला सांगायचे आहे ते लॉख आर्ड नावाच्या खिंडीविषयी. इंग्लंडहून निघालेले ह्या नावाचे शिडाचे जहाज १ जून १८७८ च्या पहाटे धुक्यात तिथल्या खडकावर आपटले. जहाजावर ५४ माणसे होती, वाचली दोन. टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही आयर्लंडची मुलगी, दोघेही अठरा-एकोणीस वर्षांची. तो किनाऱ्याला लागला होता. तिची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला ओढून गुहेत आणले, वाहत आलेली ब्रँडी पाजली आणि मग सरळ कडा चढून मदत आणायला गेला. ईव्हाचे आईवडील आणि बरोबरची भावंडे सारी बुडाली. इकडे वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी दोघांचे लग्न ठरवून टाकले! तिने मात्र बोटीने घर गाठले. मला ती मुलगी फार आवडली.

त्याच जहाजातून मिंटन कारखान्याचा दीड मीटर उंचीचा चिनी मातीचा मोर येत होता. तो पेटीसकट वाहत किनाऱ्याला लागला, जवळजवळ धक्काही न लागता. तो वॉर्नम्बूलच्या संग्रहालयात आहे. माणसे बुडावी आणि चिनी मातीचा मोर तरावा, ह्याला काय म्हणावे?

खिंडीच्या माथ्यावर लहानशी दफनभूमी आहे. इथे आतापर्यंत "पाट्या वाचत बसलीस तर रात्र होईल" म्हणणारे आमचे हे स्वतःच एकेक दगड वाचू लागले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आपल्या त्या दोन गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची नावे तुला आठवतात का?"

कोणत्या गाड्या ते मला विचारावे लागले नाही. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडच्या पुढे राजेवाडीजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एस.टी. गाड्या आणि दुसरी वाहने अंधारात नदीत गेली. पुढे नवा पूल १६५ दिवसांत बांधला, ही गोष्ट खरी आणि कौतुकाची. पूल सर्वांना ठाऊक आहे.

त्या रात्री अपोलो बेच्या खोलीत आम्ही हेच बोलत होतो. तिकडच्या लोकांनी सगळाच हिशेब लिहिला आहे असे नाही. त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी गाडुबानुड लोक. १८४० नंतरच्या दशकात गोऱ्यांनी त्यांना मारले, त्यांच्याविषयी मला वाटेत फारसे वाचायला मिळाले नाही. आणि आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, तिथे त्याची नोंद आहे. पण मेसोपोटेमियात १९१६ साली कुत येथे जी पुणे डिव्हिजन अन्नावाचून शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि त्यांत आपल्या कोकणातली मुले होती. ऑस्ट्रेलियाचे शिपाई गॅलिपोलीत मरत होते, तीच ही वर्षे. आपले जे परत आले ते गुपचूप शेतावर गेले. त्यांच्या नावाचा रस्ता कोणी बांधला नाही.

२०१९ च्या गणपतीला आम्ही नेहमीप्रमाणे गावी निघालो. (चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, त्यानंतर किती गणपती खड्ड्यांतून गेले ते तुम्हीच मोजा.) बरोबर भाच्याची आठ वर्षांची मुलगी होती. सावित्रीच्या पुलावर गाडी आली तसे मी हात जोडले, ह्यांनी गाडी हळू केली. पोरीने विचारले, "आजी, इथे कोणता देव आहे?" मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "त्यांची नावे काय होती?"

परत आल्यावर मी आणि हे आपल्या वाचनालयात गेलो. ऑगस्ट २०१६ ची वर्तमानपत्रे काढून घेतली. पाच दुपारी बसून जेवढी नावे मिळाली तेवढी एका वहीत उतरवली. पहिल्या पानावर दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, मग प्रवासी, गाववार. काही बायकांची नावे नुसती "अमक्याची पत्नी" अशीच छापली होती. त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडली आहे. खेड, रत्नागिरी, राजापूर ह्या बाजूचे माहेर असलेल्या भगिनी इथे पुष्कळ आहेत. कोणाला ती नावे ठाऊक असतील, तर वही मंडळाच्या कपाटात वरच्या खणात आहे. पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहावे.