नित्यकर्मातील अवधान
(व्याख्यान)



कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी पडते आणि पुजारी संकल्प सांगू लागतो. मंत्रांचा हा भाग बहुधा कानांवरून निघून जातो. कारण खरी पूजा अद्याप सुरू व्हावयाची आहे, अशी यजमानाची समजूत असते. वस्तुतः त्या थोडक्या शब्दांत केवढा प्रवास असतो! ब्रह्मदेवाच्या अफाट कालगणनेपासून प्रारंभ होतो. मग कलियुगाचा प्रथम चरण, जंबुद्वीप, भरतखंड, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असे करीत करीत ते विराट वर्तुळ लहान लहान होत जाते आणि अखेरीस पाटावर बसलेल्या एका माणसाच्या नाव-गोत्रापाशी येऊन थांबते. हा माणूस कोठे आहे, कोणत्या घटकेला आहे आणि काय करावयास बसला आहे, एवढेच संकल्प सांगतो.

संकल्पावाचून केलेले कर्म फलद्रूप होत नाही, असे परंपरा मानते. या नियमात केवळ कर्मठपणा पाहणाऱ्याला त्याचे मर्म कळले नाही, असेच म्हणावे लागेल. देह पाटावर असतो. परंतु मन पेढीवर, कचेरीत, कालच्या भांडणात किंवा उद्याच्या लग्नघरात हिंडत असते. त्या हिंडणाऱ्या मनाला हाक मारून देहाजवळ आणून बसविणे, हे संकल्पाचे कार्य होय. मन आणि देह एका ठिकाणी आल्यावाचून पूजा होत नाही. आणि पूजाच कशाला, जेवणही होत नाही, संभाषणही होत नाही, विश्रांतीही होत नाही.

संकल्पानंतर येतात ते सोळा उपचार. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य इत्यादी या उपचारांची यादी शांतपणे वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. यांत अलौकिक असे काहीच नाही. दारी आलेल्याला या म्हणावे, बसावयास द्यावे, पाय धुण्यास पाणी द्यावे, न्हाऊ घालावे, वस्त्र द्यावे, दिवा लावावा, जेवू घालावे: ही तर प्रत्येक घरातील रोजची कामे. देवालयाने एवढेच केले की, ही कामे एकेक करून, प्रत्येकीचे नाव घेऊन, एक पुरी झाल्यावाचून दुसरीला हात न लावता करावयास शिकविले. घरात जी कामे उरकली जातात, तीच गाभाऱ्यात अर्पण केली जातात. फरक कामाचा नव्हे, अवधानाचा आहे.

परंतु येथेच एक धोकाही आहे. नित्याची गोष्ट जसजशी जिभेवर बसते, तसतशी ती मनातून उठते. आरती तोंडपाठ झाली की ओठ आरती म्हणतात आणि मन प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहते. हा अनुभव आजचा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे काय मागतात? द्रव्य नव्हे, व्रत नव्हे, पांडित्यही नव्हे. ते अवधान मागतात, आणि ते देणारा सर्व सुखाला पात्र होईल, असे प्रतिज्ञेवर सांगतात. समोर बसलेल्या श्रोत्यांकडेही अवधान मागावे लागते, याचाच अर्थ असा की बसणे वेगळे आणि उपस्थित असणे वेगळे.

ज्ञानेश्वरांच्या काळातील संतांनी हे अवधान देवळाबाहेर नेले. अरणचे सावता माळी यांनी आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. वाफ्याला पाणी देणे ही त्यांची पूजा होती आणि त्या पूजेसाठी त्यांना वाफा सोडून कोठे जावे लागले नाही. जनाबाईची कथा याहून अधिक बोलकी आहे. नामदेवांच्या घरी ती दासी होती. दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे तिच्या वाट्याला होते. ती दळावयास बसली की विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरीत असे, असे परंपरा सांगते.

या कथेचा अर्थ सावधपणे घेतला पाहिजे. कष्टांत आनंद माना, असा उपदेश ज्याला कष्ट करावे लागत नाहीत त्याने करणे सोपे असते. पहाटेपासून राबणाऱ्या गृहिणीला सणाच्या दिवशी बैठकीत बसून प्रसन्नतेचे धडे देणारी मंडळी काही थोडी नाहीत. विठ्ठलाने मात्र जनाबाईला उपदेश केला नाही, तिच्याबरोबर दळले. दुसऱ्याच्या श्रमाकडे लक्ष जाणे आणि लक्ष जाताच हात पुढे होणे, हीच अवधानाची खरी कसोटी होय. जे अवधान स्वतःच्या शांतीपाशीच थांबते, ते अर्धेच राहते.

अवधान म्हणजे काय, हे पाहण्यासाठी गोमंतकीयाला दूर जावे लागत नाही. मार्दोळ येथील म्हाळसेच्या मंदिरात पावसाळ्यात जायांची पूजा होते. जाईची फुले उमलण्यापूर्वी, कळ्या असतानाच खुडावी लागतात. केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात त्या एकेक करून गुंफल्या की फाती तयार होते. दोरा सैल पडला तर कळी गळते, अधिक आवळला तर देठ तुटतो. बोटांना हे अंतर ठाऊक असते. परंतु मन तेथे असेल तोपर्यंतच. सायंकाळी त्या कळ्या उमलतात, सुगंध दरवळतो आणि दुसऱ्या दिवशी ती फाती कोमेजलेली असते. जाईचे फूल साठवून ठेवता येत नाही, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. ज्याला तिचा सुगंध हवा असेल, त्याने त्या संध्याकाळी तेथे असले पाहिजे. मुलाचे बोबडे बोल, म्हाताऱ्या आईच्या हातची पेज, अंगणातील तुळशीपुढचा तिन्हीसांजेचा दिवा यांचीही जात जाईचीच आहे.

बुद्धाने याच जागरूकतेला ‘सति’, म्हणजे स्मृती, असे नाव दिले. चालताना, वाकताना, वस्त्र नेसताना, खाता-पिताना ती कशी राखावी, याचे विवेचन पाली सतिपट्ठान सुत्तात आहे. त्या परंपरेतील विपश्यना घेऊन सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि इगतपुरी येथे तिचे मोठे केंद्र उभे राहिले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदना व मनाचा ताण यांनी पीडित रुग्णांना अशाच अभ्यासाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, या क्षणी काय करीत आहात आणि मन कोठे आहे, असे विचारले. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातील कामावर नव्हते, आणि भटकणारे मन कमी सुखी असल्याचे आढळले. सुखद कल्पनांत रमलेले मनसुद्धा हातच्या कामात असलेल्या मनाहून अधिक सुखी नव्हते. जात्यापाशी आणि वाफ्यात जे शहाणपण अनुभवाने आले होते, त्याचीच साक्ष या उत्तरांतून मिळाली.

आता स्वतःच्या आवाराकडे वळू. महाजनांची कुळे आज मुंबई, बेळगाव, कारवार, मंगळूर आणि त्याही पलीकडे परदेशी पांगलेली आहेत. अनेकांच्या वाट्याला कुलदेवतेचे दर्शन वर्षातून एकदा येते. सुटी मिळवून, तिकिटे काढून, मुलांना घेऊन मंडळी जत्रेला पोहोचतात. चौघडा वाजतो, पालखी निघते, दीपस्तंभ उजळतो. आणि नेमक्या त्या घटकेला शेकडो हात मोबाईल घेऊन वर होतात. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी कोणी ते दृश्य पाठवीत असेल तर ती सेवाच आहे. परंतु पुष्कळदा पालखी डोळ्यांसमोरून जाते आणि ती पाहिली जाते काचेतून. पुढे कधीतरी पाहण्यासाठी साठविलेले ते चित्र पुढे कधीच पाहिले जात नाही. इतक्या दुरून येऊन माणूस देवापर्यंत पोहोचतो आणि शेवटच्या दहा हातांत थांबतो. शेजारी उभा असलेला वृद्ध काका हे निशाण कोणाचे, ही लालखी कधीची, हे सांगू पाहत असतो. त्याचे वाक्य अर्धेच राहते. पुढच्या जत्रेला तो काका असेलच असे नाही. मग ते अर्धे वाक्य कोण पुरे करणार? देवस्थानची परंपरा पुस्तकांतून टिकत नाही. ऐकणाऱ्या कानांतून टिकते.

यासाठी संन्यास घ्यावयाचा नाही, की दिनक्रम उलटापालटा करावयाचा नाही. दिवसातील एकच काम निवडावे. सकाळचा चहा असो, देवघरातील निरांजन असो वा अंगण झाडणे असो, ते सोळा उपचारांपैकी एक समजून करावे. मन निसटेल, निसटणारच. रागावू नये, चुकून दुसऱ्या घरात गेलेल्या मुलाला हाताला धरून आणावे, तसे त्याला परत आणावे. घरातील एका माणसाचे बोलणे रोज एकदा तरी हातातील काम बाजूला ठेवून ऐकावे. आणि देवळात आल्यावर पालखी आधी डोळ्यांनी पाहावी.

अशा अवधानाने दुःख नाहीसे होते, असे कोणी समजू नये. घरात आजार असेल तर आजार राहतो, वियोग झाला असेल तर वियोग राहतो. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेला माणूस खरोखर तेथे बसलेला असेल, तर दोघांचाही भार थोडा हलका होतो. आणि सुखाचे दिवस येतात तेव्हा, ते येऊन गेल्यावर कळण्याऐवजी, असतानाच कळतात. नित्यातील आनंद तो हाच.

तेल, वात आणि ज्योत यांची गाठ पडते तेव्हाच दिवा उजळतो. देह, मन आणि कर्म यांची तशीच गाठ प्रत्येक घरी रोज एकदा तरी पडो, आणि या आवारात येणारा प्रत्येक जण येथे खरोखर येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.