वायरमनचा परवाना



परवा वर्ग सुटल्यावर एक काकी मागे थांबल्या. त्यांचे घरकुल पुरे होत आले आहे. भिंती झाल्या, पत्रा चढला, आता विजेची फिटिंग तेवढी राहिली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तो वायरमन म्हणवतो खरा, पण आहे कशावरून? अन् विचारलं तर त्याला राग नाही यायचा?"

हा प्रश्न एकट्या काकींचा नाही. म्हणून आज धडा बाजूला ठेवून आम्ही यावरच बोलणार आहोत. या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत, तेव्हा सांगायला आम्हीच बरे.

२०१९ साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो. फंडाचे पैसे हाती आले. मळ्यात दोन खोल्या आणि म्हशीसाठी पत्र्याचा गोठा बांधला. नवे मीटर घ्यायचे होते. फिटिंग करायला जो आला, तो आमचाच जुना विद्यार्थी. शहरात दोन वर्षे हेच काम केले, असे म्हणाला. आता पाहा, आम्ही जन्मभर दाखले तपासले. जन्मतारखेत खाडाखोड दिसली तर भल्याभल्यांना दारातून परत पाठवले. पण याच्याकडे कागद मागायला जीभ रेटली नाही. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आम्हीच लिहिलेला, त्याला काय विचारायचे? शिवाय तो दीड हजार रुपयांनी स्वस्त होता. तेही सांगून टाकलेले बरे.

मीटरच्या अर्जाबरोबर एक कागद लागतो. त्याला टेस्ट रिपोर्ट म्हणतात. फिटिंग तपासली, ती नीट आहे, असे परवाना असलेला ठेकेदार त्यावर सही करून लिहून देतो. पोरगा तो कागद घेऊन आला. ठेकेदाराची सही होती, शिक्का होता. पण तो ठेकेदार आमच्या मळ्यात एकदाही आला नव्हता. त्याचे तोंड आम्ही आजवर पाहिलेले नाही. "गुरुजी, इथं तुमची सही," पोरगा म्हणाला. आम्ही केली. न वाचता केली. वाचल्याशिवाय कागदावर अंगठा उठवू नका, असे तुम्हाला रोज सांगतो ना? ते सांगणारा हाच माणूस.

२०२१ च्या श्रावणात रात्रभर पाऊस लागला होता. पहाटे म्हैस एकदम हंबरली आणि पडल्याचा आवाज झाला. आमचा मुलगा गोठ्याकडे धावला. जाताना त्याने ओसरीवरचे बटण बंद केले. गोठ्यातला दिवा विझला. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे त्याला वाटले. आम्हालाही वाटले. त्याने म्हशीची साखळी सोडायला हात घातला, तो साखळीलाच चिकटला. त्याच्या आईने मेन स्विच पाडला, म्हणून मुलगा आज आहे. उजव्या हाताची दोन बोटे मात्र अजून वळत नाहीत. म्हैस गेली. गाभण होती.

मग आम्ही तालुक्याहून परवानाधारक वायरमन आणला. तो तासभर काही बोलला नाही, नुसता पाहत हिंडला. नंतर त्याने आम्हाला हाताशी घेऊन एकेक गोष्ट दाखवली.

घरात दोन तारा येतात. फेजच्या तारेने वीज येते, न्यूट्रलने परत जाते. बटण फेजवर बसवायचे असते. मग बटण बंद केले की पुढची तार मेली. आमच्या फिटिंगमध्ये बटण न्यूट्रलवर होते. दिवा विझायचा, पण गोठ्यापर्यंतची तार जिवंतच राहायची. ती तार पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. तिथून पत्र्यात, लोखंडी खांबात आणि साखळीत वीज उतरली. आणि अर्थिंग? मीटरपासून एक हिरवी तार जमिनीत गेलेली दिसत होती. वायरमनने ती जरा ओढली, तर सगळी हातात आली. वीतभर मातीत खोचलेली. खाली ना पाइप, ना प्लेट. अर्थिंग नीट असते तर तेव्हाच फ्यूज उडाला असता. वीज गळू लागली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती बंद पाडणारा एक स्विच मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. तोही बसवलेला नव्हता.

आणि इतके सगळे चुकलेले असून दोन वर्षे दिवे झकास लागत होते! तेव्हा 'त्यानं शेजारी काम केलं, दिवे चांगले लागतात' ही काही परीक्षा नव्हे. दिवा चुकीच्या फिटिंगवरही लागतो.

मीटरच्या पुढची फिटिंग घरमालकाची असते. त्यामुळे जे झाले ते आमचे आम्हीच निस्तरले.

आता कागदाचे. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, हल्ली चालू आहेत ते २०२३ सालचे. बल्ब, पंखा, बटण, फ्यूज जुना काढून तसाच नवा लावायचा, तर नियमाची आडकाठी नाही. पण नवी फिटिंग किंवा वाढीव फिटिंग करायची, तर राज्य सरकारचा परवाना असलेला ठेकेदार पाहिजे. कामावर देखरेख करणाऱ्याजवळ प्रमाणपत्र पाहिजे, आणि तारेला हात घालणाऱ्याजवळ वायरमनचा परवाना पाहिजे.

कोणी आयटीआयचा दाखला पुढे करील. तो चांगलाच, त्यासाठी पोरे दोन वर्षे घासतात. पण तो शिकल्याचा दाखला झाला. गाडी चालवता येणे वेगळे आणि लायसन वेगळे, तसेच हे. कोणी म्हणेल, आपला लाइनमन आहे की, तोच करून देईल. लाइनमन गुणी असेल, पण त्याचे काम खांबावरचे.

मग परवाना मागायचा कसा? तालुक्याहून आलेल्या त्या वायरमनला आम्ही म्हटले, "बाबा, एकदा ठेच लागली आहे. तुझा परवाना पाहू दे, मग सामानाला हात लाव." त्याला राग आला नाही. त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद काढला. फोटोत मिशी नव्हती, आता भरघोस होती. त्यावर आम्ही दोघेही हसलो. पण आम्ही सगळा कागद वाचला. नाव, नंबर, कोणाच्या सहीने दिला, मुदत कधीपर्यंत. नंबर वहीत उतरवून घेतला. शंका असती तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात तो नंबर दाखवून विचारता आले असते. ज्याच्याजवळ खरा कागद आहे तो दाखवायला लाजत नाही. जो म्हणतो "घरी राहिला", त्याला म्हणावे, घरी जाऊन घेऊन ये, आम्ही थांबतो. जो म्हणतो "माझ्यावर विश्वास नाही काय?", त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. आम्हाला ते वेळेवर सुचले नव्हते.

टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ठेकेदार घरी आला पाहिजे, निदान त्याचा जबाबदार माणूस तरी. मेगर नावाचे यंत्र लावून तारा तपासताना तुम्ही शेजारी उभे राहा. काही कळले नाही तरी उभे राहा. तपासणी झाल्यावर मग तुमची सही. त्याच्या परवान्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, ते अंक जुळवून पाहा. अंक तर आता तुम्हा सगळ्यांना येतात. काही कागद इंग्रजीत असतात. शाळेत जाणारे पोर जवळ बसवा. वायर घेताना तिच्यावर आयएसआयची खूण पाहा आणि दुकानाची पावती मागून घ्या.

तर काकी, सोमवारी तुमच्याकडे तो माणूस यायचा आहे ना? आम्ही येतो. ओसरीवर बसू, चहा घेऊ. पण परवाना तुम्हीच वाचायचा, मोठ्याने. अक्षर बारीक असते, चष्मा जवळ ठेवा.