सुप्याचा बाजार, 1875

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. बाजार भरला होता, पण त्या दिवशी शेतकऱ्यांना हवी होती सावकारांची चोपडी आणि कर्जरोखे. कागद हाती आले की चौकात होळी. जो सावकार मुकाट्याने रोखे देई, त्याला सहसा कुणी बोटही लावत नसे. नेम माणसावर नव्हता, कागदावर होता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. वाचता न येणाऱ्याने अंगठा उठवलेला तो कागद कोर्टात गेला की जमीन गेलीच.

पण सावकाराच्या दारात शेतकऱ्याला ढकललं कुणी? अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. नेमका त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला, कुठे दीडपट, कुठे दुप्पट. पाऊस पडो न पडो, सारा रोखीतच भरायचा.

दंगा नगर जिल्ह्यात पसरला, सैन्य आलं, शेकडो धरले गेले. पुढे चौकशी आयोग बसला. 1879 च्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवलं, रोख्यामागचा खरा हिशेब तपासायची मुभा कोर्टाला दिली. साऱ्याला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.