शेततळ्यातील माशांचा खुराक

माजलगावी सिंदफणेवर जे धरण आहे, त्याच्या विस्तीर्ण जलाशयात रोहू, कटला, मृगळ आपला उदरनिर्वाह आपणच करतात. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात ज्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातलेले आहे, तेथे तळाला माती नाही, मातीतून उपजणारे अन्नही बेताचेच, आणि म्हणून तेथील मासा जवळजवळ सर्वस्वी धन्याच्या हाताकडे डोळे लावून असतो.

हा हात दिवसातून किती वेळा फिरावा? बैल दावणीला पोटभर खातो आणि मग सावकाश रवंथ करीत बसतो; या माशांना जठरच नसते. अन्न घशातून थेट आतड्यात उतरते. त्यामुळे दिवसाचा रतीब एकदाच ओतला, तर धट्टेकट्टे मासे तेवढे खातात, दुबळे उपाशी राहून खुरटतात, आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यातला प्राणवायू घटवते व अमोनिया वाढवते. हिशेब सोपा आहे. हजार बोटुकल्या सरासरी ५० ग्रॅमच्या झाल्या, तर वजन ५० किलो. शेकडा तीन प्रमाणे रोजचे खाद्य दीड किलो. पेंड आणि भाताचा कोंडा कालवून केलेले तेच दीड किलो सकाळ, दुपार आणि ऊन कलल्यावर अर्धा-अर्धा किलो घातले, तर एक छदामही जादा न खर्चता ते अधिक अंगी लागते.

पहाटे मात्र घालू नये. रात्रभरात प्राणवायू उतरलेला असतो. मासे पृष्ठभागी तोंडे उघडून धापा टाकताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंदच ठेवावे.

दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन घरचे ऊसतोडीला निघतात आणि तळे वृद्ध आईवडिलांच्या हवाली होते. थंडीत माशांची भूक मंदावते, तेव्हा त्यांना दोन खेपा पुरेत. अस्तर फार निसरडे असते. जाण्यापूर्वी काठाला पक्का दोर बांधून ठेवण्याची तजवीज अवश्य करावी. वडिलांनी काठावरूनच आधी एक मूठ टाकावी. पाणी खळबळले तर आणखी घालावे, आणि मासे वर आलेच नाहीत तर उरलेली पेंड पुन्हा पोत्यात ओतावी.