पावणेसहाचा संदेश

6 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट होती. घरोघरी एसी सुरू आणि विजेची मागणी 52,000 मेगावॉटच्या पलीकडे, म्हणजे तिथला तोवरचा उच्चांक. सूर्य कलला की सौरवीज आटते. एसी मात्र चालूच राहतात. पाळीपाळीने भारनियमन करण्याची वेळ आली होती. पावणेसहाच्या सुमारास सुमारे 2 कोटी 70 लाख लोकांच्या मोबाइलवर राज्य सरकारचा इशारा खणखणला: वीज जपून वापरा, पुरवठा खंडित होऊ शकतो. काही मिनिटांतच मागणी हजार मेगावॉटहून अधिक उतरली आणि भारनियमन टळले.

संध्याकाळी मागणी उतरतेच, असे कोणी म्हणेल. उतरते, पण हळूहळू. अशी एकाएकी कोसळत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: रोज असे इशारे आले तर वाचणार कोण? म्हणूनच आणीबाणीची हाक क्वचित द्यावी आणि रोजचे काम वेळेनुसार बदलणाऱ्या दरांवर सोपवावे. भारतात 2023 च्या सुधारित नियमांनी हेच योजले आहे: स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना, शेती वगळता, दिवसाच्या सौर तासांत दर निदान 20 टक्क्यांनी कमी. पण हा दर बिलामागे बारीक टायपात छापून भागत नाही. पाण्याची मोटर किंवा वॉशिंग मशीन दुपारी लावल्यास किती रुपये वाचतील, हे सोप्या मराठीत आधी कळायला हवे. दिवसभर कुलूप असलेल्या घरांना लाभ थोडाच, हेही मोकळेपणाने सांगावे. थकबाकीच्या नोटिशीखेरीज वीज कंपन्यांनी ग्राहकाला एवढे तरी कळवावे.