व्यायामशाळेचा उंबरठा

(इच्छापोर, सुरत येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



उपजीविकेच्या निमित्ताने गोव्याची भूमी सोडून सुरतेनजीक, हजिरा मार्गावरील या इच्छापोर परिसरात संसार थाटलेल्या कुटुंबांस व्यायामाचे महत्त्व सांगावयास नको. घरातील तरुण पहाटे उठून व्यायामशाळेत जातो, याचे सर्वांस कौतुक असते. परंतु त्याच घरी चाकांच्या खुर्चीत बसणारा भाऊ असला, तर ‘त्याला कशाला ही दगदग?’ असे म्हणून त्यास खिडकीपाशी बसवून ठेवण्यात येते. हे मायेपोटीच घडते, यात संशय नाही. पण मायेने लावलेले दारही बंदच असते.

या दृष्टीने सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र मननीय आहे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. पुढे उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाणी देहाचा भार उचलून धरते. जमिनीवर ओझे वाटणारे पाय तेथे ओझे राहत नाहीत आणि बाहुबळावर मनुष्य पुढे सरकतो. 1968 साली ते तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिक स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पद्मश्रीचा सन्मान मात्र 2018 साली, म्हणजे तब्बल 46 वर्षांनी लाभला!

पदक एखाद्याच्याच वाट्यास येते. व्यायामाचे फळ मात्र प्रत्येकाचे आहे. चाकांची खुर्ची वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय. खुर्ची ढकलणे, बिछान्यावर चढणे, स्नानास जाणे, हे सारे त्या दोन सांध्यांवर अवलंबून असते. वैद्यांच्या सल्ल्याने ते बळकट राखले, तर दुसऱ्यास हाक मारण्याचे प्रसंग कमी होतात. स्वाभिमानाचे याहून मोठे औषध कोणते?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने क्रीडेतील सहभागाची तरतूद केली आहे. पण कायदा घराच्या पायऱ्या उतरवून देत नाही. एक फूट चढास बारा फूट लांबीचा उतार, हे साधे प्रमाण आहे. दीड फुटाच्या जोत्यास अठरा फूट पुरतात. घर, व्यायामशाळा आणि सभामंडप बांधताना वा दुरुस्त करताना एवढी जागा राखणे हे महाजनांचे कर्तव्य ठरावे. मूळच्या पायऱ्यांस हात लावण्याचे कारण नाही. बाजूने वाट करता येते.

सुरुवात मात्र घरातूनच व्हावी. उद्या पहाटे थोरला व्यायामास निघेल, तेव्हा धाकट्यास ‘तू बस’ न म्हणता ‘येतोस का?’ असे विचारावे. तो नको म्हणाला, तर तो त्याचा निर्णय. पण प्रश्न त्यास विचारला गेला पाहिजे. ही सुबुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.