लग्नाची तारीख आणि कार्डाची तारीख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. आम्ही आज ज्यावर बोलणार आहोत तो विषय त्या मानाने रुक्ष आहे. परदेशात स्थायिक झालेल्या, परंतु तेथील नागरिक न झालेल्या मुलाशी आपल्या मुलीचे लग्न झाले, तर ती त्याच्याजवळ केव्हा व कशी जाते, एवढाच तो विषय. आम्ही वकील नव्हे. आमच्या कन्येच्या निमित्ताने जे शिकावे लागले, आणि पुढे इतरांचे कागद पाहताना जे ध्यानी आले, तेच येथे मांडतो.

आपल्यापैकी बहुतेक जण महाराष्ट्र सोडून या पोलादनगरीत आलो, ते रेल्वेचे तिकीट काढून. आधी पुरुषमाणूस येई, हॉस्टेलात राही, आणि कंपनीचे क्वार्टर मिळाले की गावी जाऊन बिऱ्हाड घेऊन येई. बायकोला आणण्यास क्वार्टरची किल्ली पुरे. आपल्या मुलांची पिढी समुद्रापार गेली, आणि तेथे क्वार्टर आधी मिळाले तरी बायकोला आणण्याची परवानगी मागाहून मागावी लागते, हे आपल्याला फार उशिरा कळले. आम्हांला तर ते भलत्याच वेळी कळले.

आमच्या थोरल्या कन्येचे लग्न १९९७ साली ठरले. मुलगा अमेरिकेत तात्पुरत्या कामाच्या, म्हणजे एच-१ प्रकारच्या व्हिसावर होता. त्याच्या मालकाने त्याच्यासाठी केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता. मुलाकडच्या मंडळींनी वैशाखातला मुहूर्त सुचविला. आम्ही कळविले, "घाई कशाला? कार्ड हातात पडू द्या, मग बार उडवून देऊ." मुलीला स्थिर माणसाच्या हाती द्यावे, हा आमचा हेतू. सप्टेंबरात कार्ड आले. आम्ही पेढे वाटले आणि डिसेंबरात थाटाने लग्न केले. महिन्याभराच्या रजेनंतर जावईबापू परत गेले. मुलगी दोन-तीन महिन्यांत जाईल, या समजुतीने तिची बॅग आम्ही माळ्यावर टाकलीच नाही.

आमची चूक कोठे झाली ते सांगतो. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरचा माणूस आपल्या पत्नीला तिच्यासाठी असलेल्या एच-४ व्हिसावर लगेच नेऊ शकतो. त्याला कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झालेला असेल, तर पत्नी त्याच्याच रांगेतील जागेची वाटेकरी होते. त्याच्याबरोबर नाही तर मागाहूनही ती त्याच आधारावर जाते, नव्या रांगेत उभी राहत नाही. परंतु कार्ड मिळाल्यानंतर लग्न झाले, तर एच-१ही नाही आणि एच-४ही नाही. मग पतीला आय-१३० हा अर्ज भरावा लागतो, आणि तो अर्ज दाखल झाल्याच्या तारखेनुसार पत्नीचा क्रमांक लागतो. ज्याचा मुक्काम तात्पुरता तो बायकोला नेऊ शकतो. ज्याचा कायम, त्याने थांबायचे. वैशाखात लग्न झाले असते तर मुलगी त्याच पावसाळ्यात संसाराला लागली असती. आम्ही मार्गशीर्ष निवडला.

मात्र यावरून 'लग्न आधी उरकावे' असा सरसकट नियम कोणी करू नये. मुलाला कार्ड नोकरीतून मिळत आहे की आईवडिलांमुळे, हे आधी विचारावे. आईवडील ग्रीन कार्डधारक असून त्यांनी आपल्या अविवाहित प्रौढ मुलासाठी अर्ज केला असेल, तर कार्डापूर्वी लग्न करताच त्या मुलाचा अर्जच बाद होतो, कारण स्थायी निवाशाच्या विवाहित मुलासाठी त्या कायद्यात वर्गच नाही. एकाला जी घाई तारक, तीच दुसऱ्याला मारक.

ही रांग कशामुळे, हेही समजून घेतले पाहिजे. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने भारताला वर्षाला केवळ १०० जागा दिल्या होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने राष्ट्रवार वाटपाची ती जुनी रीत मोडली आणि कुटुंबाच्या एकत्रीकरणाला अग्रस्थान दिले. आपली मुले तेथे जाऊ शकली ती त्यामुळे. परंतु त्याच कायद्यात नागरिक आणि स्थायी निवासी यांत रेघ ओढलेली आहे. नागरिकाच्या पत्नीला संख्येची मर्यादा नाही. स्थायी निवाशाची पत्नी 'दुसऱ्या पसंती'च्या वर्गात मोडते. १९९० च्या कायद्याने या वर्गाचे दोन भाग केले. पती-पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्या वाट्याला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला सुमारे ८७,९०० जागा आल्या. अर्ज त्याहून अधिक आले की रांग वाढते. या वर्गातील तीन-चतुर्थांश जागांना देशवार मर्यादा लागत नाही, हाच काय तो दिलासा.

आमच्या मुलीचा अर्ज जानेवारी १९९८ मध्ये दाखल झाला. त्या काळी रांग चार-पाच वर्षांची होती. मधल्या काळात निदान भेटीला तरी जावे म्हणून तिने पर्यटकाचा व्हिसा मागितला. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने दोन मिनिटांत नकार दिला. पर्यटकाने परत येण्याची खात्री पटवावी लागते. आणि जिचा कायम राहण्याचा अर्ज पडून आहे, तिने ती कशी पटवावी? जो अर्ज तिला नेण्यासाठी केला, तोच तिला भेटीलाही जाऊ देईना. जावईबापूंनी इकडे येऊन राहावे म्हटले, तर तेही जमण्यासारखे नव्हते. स्थायी निवाशाने खरोखर तेथे राहिले पाहिजे, दीर्घकाळ बाहेर राहिल्यास कार्डच धोक्यात येते. ते दोनदा आले, चार-चार आठवड्यांसाठी.

त्या वर्षांतले फार सांगत नाही. पहिला दिवाळसण जावयाच्या पाटाशिवाय झाला. सासरी राहावे तर नवरा नाही, माहेरी राहावे तर लोक विचारतात. आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवात तिला दर वर्षी तोच प्रश्न येई, "अगं, अजून इथेच?" प्रश्न मायेचा असे, परंतु तिसऱ्या वर्षी तिने हळदीकुंकवाला येणे सोडले. तेव्हाच्या चिटणीसबाईंनी ते ओळखले आणि मंडळाच्या वाचनालयाची किल्ली तिच्या हाती दिली. कपाटांतील पुस्तकांची यादी तिने त्या वर्षात सुवाच्य अक्षरात केली. ती वही आजही वाचनालयात आहे. त्या किल्लीचे ऋण आमच्यावर आहे, आणि आज बोलण्यास उभे राहिलो ते त्यासाठीच.

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अशा कुटुंबांची ताटातूट ध्यानी घेऊन 'व्ही' नावाचा नवा व्हिसा काढला. २१ डिसेंबर २००० पर्यंत ज्यांचा अर्ज दाखल झाला होता आणि ज्यांना तीन वर्षे झाली होती, अशा पत्नी व मुलांनी उरलेली रांग तेथे जाऊन पतीजवळ काढावी, अशी ती सोय. ऑगस्ट २००१ मध्ये आमची मुलगी गेली. लग्नाला ४४ महिने झाले होते, आणि त्यांतले एकत्र काढलेले दिवस मोजले तर तीन महिनेही भरत नव्हते.

ती सोय त्या तारखेनंतर अर्ज केलेल्यांना नाही. पुढे रांगेचे रूप बदलत राहिले. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत या वर्गाला रांगच उरली नव्हती. परंतु त्यातही एप्रिल २०२० ते फेब्रुवारी २०२१ या महामारीच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने स्थायी निवाशांच्या पत्नींचे नवे व्हिसा थांबले, नागरिकांच्या पत्नींचे मात्र नाहीत. एप्रिल २०२३ पासून रांग पुन्हा सुरू झाली आणि अलीकडे ती दोन-तीन वर्षांची असते. दर महिन्याला तेथील परराष्ट्र खाते 'व्हिसा बुलेटिन' काढते, त्यात कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज पुढे सरकले ते छापलेले असते. मध्यस्थाच्या तोंडच्या आकड्यापेक्षा ते पत्रक पाहावे.

दुसरा मार्ग पतीने नागरिक होण्याचा. कार्ड मिळाल्यापासून साधारणतः पाच वर्षांनी त्याला अर्ज करता येतो, आणि तो नागरिक होताच पत्नी रांगेतून बाहेर पडते. येथे एक बारीक गोष्ट आहे. स्थायी निवाशाच्या अर्जात पत्नीबरोबर लहान मुलेही येतात. नागरिक झाल्यावर प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्ज लागतो. हे ठाऊक नसल्याने आईचा व्हिसा आला आणि लेकरू मागे राहिले, असे होऊ शकते. शिवाय आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पत्नीला लवकर आणण्यासाठी पतीने भारताचे पारपत्र सोडायचे, हा हिशेब प्रत्येक घराने शांतपणे करावा.

आता कागदपत्रांविषयी. पतीला आधाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. कुटुंबाच्या आकारमानाला धरून तेथे जी दारिद्र्यरेषा ठरते, तिच्या १२५ टक्के उत्पन्न त्याला दाखवावे लागते. ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही, हे मुलीच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे. विवाह नोंदणीचा दाखला, जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि विवाह खरा असल्याचे पुरावे, म्हणजे निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे, पत्रव्यवहार, हे सारे लागते. भारतीयांच्या मुलाखती मुख्यतः मुंबईस होतात. आपल्यासारख्या दूरच्यांना तेवढीच मुंबई घडते.

आपल्या मराठी घरांची एक खास अडचण येथेच उभी राहते. आपण तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितो. जन्मनोंदीत नावच नसते, किंवा घरातले लाडके नाव असते. शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पारपत्रावर वडिलांचे मधले नाव, लग्नाच्या दाखल्यावर पतीचे. एका मुलीच्या चार नावांची एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात. हौस म्हणून ताटात नाव खुशाल लिहावे, परंतु व्हिसा हाती पडेपर्यंत ते ताटातच राहू द्यावे.

विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी पत्नी तेथे पोचली, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे तिला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी मिळून अर्ज करायचा असतो. पतीने सही नाकारली तर काय, ही भीती अनेक मुलींना जाचक घरात गप्प बसवते. त्यांनी जाणावे की विवाह खरा असेल तर घटस्फोट झाल्यास वा छळ होत असल्यास पत्नीला एकटीनेही तो अर्ज करता येतो. आणि १९९४ च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला कार्डासाठीही पतीवाचून स्वतः अर्ज करण्याची वाट दिली आहे. आपल्याकडे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी अशी शिफारस केली. आपण मात्र कायद्याची वाट न पाहता नोंदणी करावी, आणि मुलगा पूर्वी विवाहित असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा डोळ्यांनी पाहावा. यात संकोच कसला? पत्रिका पाहताना आपण संकोचत नाही.

कॅनडाची रीत वेगळी आहे. तेथे पत्नीला बोलावण्यात नागरिक आणि स्थायी निवासी यांच्यात अमेरिकेसारखी रांगेची तफावत नाही. मात्र स्थायी निवाशाने अर्जाच्या काळात कॅनडातच राहिले पाहिजे. पतीची हमी तीन वर्षांची असते. तेव्हा 'तिकडे कार्ड आहे' एवढ्यावर न थांबता कोणत्या देशाचे, केव्हाचे आणि कशाच्या आधारावरचे, हे तिन्ही विचारावे.

शेवटी एक विनंती. मंडळाने एक वही ठेवावी. परदेशी मुलाशी सोयरीक करणाऱ्या घराने लग्नाची तारीख ठरविण्यापूर्वी ती चाळावी, आणि ज्यांनी हा मार्ग तुडविला आहे त्यांनी आपला अनुभव तारखांसह तीत लिहावा. कायदे बदलतील, म्हणून नवी माहिती अधिकृत पत्रकावरून व जाणत्या वकिलाकडून ताडून घ्यावी. परंतु कोणते प्रश्न विचारायचे, हे तरी आपणच एकमेकांस सांगू शकतो. आम्हांला ते कोणी सांगितले नाही, कारण आम्ही कोणाला विचारलेच नाही. कार्ड हे आम्ही स्थळाचे भूषण समजलो. ते एक तारीख असलेला कागद आहे, हे आम्हांला कळले नाही.

आमची मुलगी आज तेथे सुखात आहे. मागे एकदा आम्ही तिच्याजवळ त्या मार्गशीर्षाबद्दल खेद व्यक्त केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत. पण मला एकदा विचारायला हवं होतंत." यावर आम्हांला आजही उत्तर देता आलेले नाही. तेव्हा आमची पहिली आणि शेवटची सूचना हीच, की तारीख ठरविताना जिला थांबावे लागणार आहे, तिलाच आधी विचारावे.